बाहीतला पांढरा धागा

पौषातली सकाळ पाचगणीला उशिरा येते. आधी टेबललँडच्या कपाळावर केशरी रेघ उमटते, मग सिल्व्हर ओकच्या शेंड्यांवर चंदेरी थरथर उतरते, मग कौलं उजळतात, मग अंगणं, आणि सगळ्यांत शेवटी गारठलेल्या माणसांच्या पाठी. खाली कृष्णेचं खोरं धुक्यानं काठोकाठ भरलेलं असतं. शुभ्र धुकं, संथ धुकं, निःशब्द धुकं. त्यात धोम धरणाचं पाणी बुडतं, वाईच्या देवळांची शिखरं बुडतात, घाटाची वळणं एकेक करून विरघळतात. ऊन मात्र येतं. उशिरा का होईना, रोज येतं.

त्या उन्हाचा एक ऐसपैस तुकडा दुपारी महिला मंडळाच्या खोलीत येऊन पसरतो. उन्हात सतरंजी, सतरंजीवर बायका, बायकांच्या मांडीवर लोकर. डाळिंबी लोकर, मोरपंखी लोकर, हळदी, राखी, अबोली लोकर. आणि त्या रंगकल्लोळात टकटक, टकटक, अखंड चाललेल्या सुया. दोन रंगांचं विणकाम शिकायचा हा वर्ग. शिकवतात ग्रेसबाई साळवी. जन्मभर एका निवासी शाळेत मेट्रन होत्या, कुडकुडणाऱ्या पोरांसाठी स्वेटर विणता विणता केस पिकले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज खणखणीत, आणि कुणाचं चुकलं की आधी जीभ चालते, मग हात.

त्या खोलीत, दाराजवळच्या सावलीत, शालनताई भिलारे येऊन बसल्या. पिशवीत दोनच गुंडे. एक लाल, पिकून गच्च झालेल्या स्ट्रॉबेरीचा लाल. दुसरा पांढरा.

"काय विणायचंय?" ग्रेसबाईंनी विचारलं.

"नातीला स्वेटर. लालवर पांढरी फुलं पायजेत तिला. आपल्या स्ट्रॉबेरीला येत्यात तसली."

"कधी हवाय?"

"संक्रांत झाली की चालली ती. त्याच्या आत."

"कुठं चालली?"

शालनताई लाल गुंड्याचं टोक शोधू लागल्या. ते काही सापडेना. "लांब," त्या म्हणाल्या.

लांब म्हणजे डेहराडून. आणि कसलं लांब, बाई! जिथं उन्हाळ्यातही गोधडी लागते म्हणे, जिथल्या डोंगरांमागं बर्फाचे डोंगर असतात म्हणे, जिथं 'आज्जी' अशी हाक मारली तर कुणी वळूनही बघणार नाही. शालनताईंचा एकुलता एक महेंद्र तापाचं निमित्त होऊन गेला तेव्हा जुई रांगत होती. घरात उरल्या तिघीच. सासू, सून, नात. एक पिकलेली, एक कोमेजलेली, एक उमलणारी.

आणि त्या कोमेजलेलीकडं बघवेना म्हणून शालनताईच एके दिवशी म्हणाल्या होत्या, "स्वप्नाली, असा जन्म काढू नगंस." स्थळ त्यांनीच शोधलं. वाईचा नितीन, सालस, कमी बोलणारा, डेहराडूनला नोकरी. सुनेच्या अंगावर शालू त्यांनीच चढवला, अक्षता त्यांनीच टाकल्या, आणि सगळं पार पडल्यावर मोरीत जाऊन नळ सोडून किती तरी वेळ तोंड धुतलं. नितीन पुढं गेला, घर लावायला. संक्रांत झाली की दोघींना न्यायला येणार.

गाव म्हणतं, धन्य बाई! सुनेची लेक केली! धन्य म्हणायला कुणाचं काय जातंय? धन्य म्हणणारे आपापल्या घरी जातात, आपापल्या नातवंडांना मांडीवर घेऊन वरणभात भरवतात. शालनताईंनी रडायचं कुणाच्या नावानं? भांडायचं कुणाशी? दार आपणच उघडलं, आता वारा झोंबतो म्हणून कुणावर ओरडायचं?

म्हणून स्वेटर. करता येण्याजोगं दुसरं काही उरलंच नव्हतं.

ग्रेसबाईंनी लाल धागा त्यांच्या उजव्या तर्जनीवरून घेतला, पांढरा डाव्या. "आता ऐका. ज्या रंगाची पाळी, त्याचा टाका पुढं. दुसरा मागून चालतो. दिसत नाही, पण बरोबर असतो. त्याला तोडायचं नाही, त्याला ओढायचं नाही. नुसतं येऊ द्यायचं."

सोपं. ऐकायला किती सोपं!

पुढं लाल, मागं पांढरा. पुढं पांढरा, मागं लाल. एक रंग उजेडात, एक रंग अंधारात. एक मिरवणारा, एक मुका. ओळीमागून ओळ चढत गेली, पाकळीला पाकळी लागली, आणि पांढरं फूल लाल रानात डोळे उघडू लागलं. शालनताई बघतच राहिल्या. आपल्या हातांतून असं काही निघतं, हे त्यांना या वयात कळत होतं.

पण हात ओढून धरणारा. स्ट्रॉबेरीच्या पेट्यांना सुतळी आवळणारा हात, गाठ मारली की वर दातानं घट्ट करणारा हात. टाका पुढचा असो, बोट मागच्या धाग्याला खेचून धरी. सरावाला विणलेली कानटोपी पुरी झाली तेव्हा तिच्यावरच्या फुलांच्या आक्रसून एवढ्याएवढ्या मुठी झाल्या होत्या.

घरी जुईच्या डोक्यावर टोपी चढवली. ती वरच बसली, कानांपर्यंत येईच ना.

"आज्जी, ही टोपी मला भ्यालीय!" जुई खिदळली, आणि तिनं ती नेऊन पाण्याच्या तांब्याला घातली. तांब्याला अगदी बेताची बसली. स्वप्नाली हसली, शालनताई हसल्या. तिघी मिळून हसल्या.

दुसऱ्या दिवशी ग्रेसबाईंनी टोपीची आतली बाजू बाहेर काढली. "हे बघा. पुढून फूल, मागून फास! अहो शालनताई, लोकर आहे ती, पळून चाललेलं वासरू नाही. सैल सोडा."

"सोडते की."

"कुठं सोडताय? उसवा."

उसवलं. टाक्यामागून टाका सुटत गेला, फूल फुलाला विसरलं, पाकळी पाकळीला. लोकर सुटली खरी, पण सरळ झाली नाही. तिच्या अंगात प्रत्येक टाक्याची वेलांटी राहिली होती. शालनताईंनी ती बोटाभोवती गुंडाळत नेली आणि नव्यानं टाके घातले. आता टोपीचा नाद नको, सरळ स्वेटरची पाठ.

दिवस चालले होते. पौषातले दिवस कसले, डोळ्याचं पातं लवतं तेवढे! शेतात काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या वाफ्यांवर हिरवी पानं पसरली होती, पानांखाली लाल फळं लोंबत होती, मधूनच एखादं पांढरं फूल. जुई वाफ्यांमधून पळे, फळ तोडून अर्धं खाई, अर्धं आजीच्या तोंडात कोंबी. तो लाल ओघळ हनुवटीवर तसाच सुकू देत शालनताई विणत बसत. पुढं लाल, मागं पांढरा.

घरात एक मोठी बॅग उघडी पडली होती. ती रोज थोडी थोडी भरत होती. जुईचे फ्रॉक गेले, बूट गेले, कानतुटकी बाहुली गेली. भिंतीवरच्या खुंट्या एकेक मोकळ्या झाल्या. शालनताई त्या खुंट्यांकडं बघत नसत. बघायचंच नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

एका संध्याकाळी चुलीपाशी भाकरी थापताना स्वप्नालीचा हात थांबला. ती वर न बघताच म्हणाली, "आई, तुम्ही नुसतं राहा म्हणा. मी राहते. नितीनला मी सांगते काय सांगायचं ते."

तवा तापला होता. धुरात दोघींचे डोळे लाल. एक शब्द, दोन अक्षरांचा, जिभेच्या अगदी टोकावर आलेला शब्द! तो उच्चारला असता तर उद्या खुंट्यांवर पुन्हा फ्रॉक दिसले असते, अंगणात पुन्हा पावलं वाजली असती. आणि परवा, तेरवा, दर दिवशी, या पोरीच्या चेहऱ्यावर तेच रितेपण दिसलं असतं. शालनताईंना हे दोन्ही दिसत होतं. दोन्ही एकदम दिसत होतं, आणि त्यांतलं एकही झेपत नव्हतं.

"येडी का खुळी तू?" त्या म्हणाल्या. "भाकर करपतीय. उलथ ती."

भाकरी उलथली गेली. त्या संध्याकाळी शालनताईंनी विणलेल्या ओळी इतक्या आवळून आल्या की सुई आत शिरेना.

दुसऱ्या दुपारी ग्रेसबाईंनी स्वेटरची ती पाठ उन्हात धरली. बोटं मागून फिरवली. तारेसारखे ताठ धागे. बायका वाट बघत होत्या, आता काय बोलणी बसतात याची. पण ग्रेसबाईंनी त्या आवळलेल्या ओळी स्वतःच उसवल्या. गुडघ्यावर हात रेटत त्या उठल्या आणि शालनताईंच्या शेजारी सावलीत येऊन बसल्या.

"विणा," त्या हळू म्हणाल्या. "मी प्रत्येक फुलामागं माझं बोट ठेवते. मागचा धागा त्या बोटावरून घ्या. मग बोट काढून घेईन."

दोन पिकलेल्या बायका, एक लाल विणकाम. एकीची सुई पुढून, एकीचं बोट मागून. फूल सरे, बोट सरके. फूल सरे, बोट सरके. बोट निघून गेलेल्या जागी एका बोटाची सैल कमान उरे. त्या जिथून जिथून गेल्या तिथं कापड मऊ पडलं, श्वास घेऊ लागलं, फुलांनी मुठी उघडल्या.

"शाळेतली पोरं सुट्टीला घरी जायची ना," ग्रेसबाई बोटाकडंच बघत म्हणाल्या, "माझे स्वेटर घालून जायची. फाटकापर्यंत मी जायचे. एक कार्टं मागं वळून बघायचं नाही! पहिल्या पहिल्यांदा मला फार लागायचं ते."

"मग?"

"मग काय? लागतच राहिलं. लागायचं काही थांबत नाही, शालनताई. विणा."

शालनताईंनी मान हलवली. डोळ्यांतलं पाणी लाल लोकरीवर पडलं, आणि लोकरीनं ते लगेच पिऊन टाकलं.

त्या दिवसापासून हात वळला. पाठ झाली, पोट झालं, गळा झाला. आता मागं स्वतःचंच बोट ठेवून शालनताई विणत. कमान सोडत, बोट काढत. राहिल्या बाह्या. बाहीवर फुलं विरळ होती, एक इथं तर दुसरं पार तिकडं. ग्रेसबाईंनी बजावलं होतं, "फुलांत अंतर असलं की मागचा धागा मध्ये मध्ये लालमध्ये अडकवून घ्या. नाहीतर आत झोळ पडतात."

डाव्या बाहीला शालनताईंनी ते इमानानं केलं. पण उजवी बाही सुईवर चढली आणि संक्रांत दारात उभी राहिली. तीळ भाजायचे, गूळ चिरायचा, जुईला काळा फ्रॉक घालून अंगणभर मिरवायची. आता धागा अडकवत बसायला सवड कुणाला? बाहीच्या आतलं कोण बघतंय? त्यांनी कमानी सोडल्या आणि नुसत्याच सोडत गेल्या. एका बोटाच्या, मोकळ्या, पांढऱ्या कमानी. जन्मात पहिल्यांदा त्या इतकं सैल काही करत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचं थोडं सुखच वाटत होतं. शिवण घालून स्वेटर पुरा झाला तेव्हा त्यांनी तो तोंडाशी धरला. त्याला स्ट्रॉबेरीचा वास येत होता, नव्हे, त्यांच्या हातांचाच.

संक्रांत आली. संक्रांत गेली. सकाळ उशिरा आली.

खोरं धुक्यानं तसंच भरलेलं. अंगणात नितीनची गाडी उभी, बॅग आत ठेवलेली. नितीन उंबऱ्याशी संकोचून उभा होता. आपण एका घराचा उजेड घेऊन चाललोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, बिचाऱ्याला. "आई, दर सुट्टीत आणतो हिला," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. शालनताई मान डोलावत होत्या. हातात दह्याची वाटी. निघणाऱ्याच्या उजव्या तळहातावर दही घालायचं, त्यानं ते चाटायचं आणि 'येते' म्हणायचं, एवढं झालं की मग पाऊल उंबऱ्याबाहेर. महेंद्रला शेवटचं दवाखान्यात नेताना त्या घाईत दही राहून गेलं होतं. तेव्हापासून या घरात ते कुणी विसरत नाही.

"ये गं, जुई. सुटर घाल."

मान सहज आत गेली, डोकं सहज बाहेर आलं. गळा बेताचा, पाठ बेताची. लाल रानात पांढरी फुलं उमललेली, आणि वर ते हसरं, गारठ्यानं गुलाबी झालेलं तोंड! स्वप्नालीनं पदर ओठांशी नेला. डावा हात बाहीतून सरसर निघाला. उजवा हात आत गेला.

उजवा हात आत गेला, आणि बाहेर येईना.

जुईनं रेटला. येईना. तिनं खांदा हलवला, हात मागं घेऊ पाहिला. मागंही जाईना. तिचे डोळे मोठे झाले.

"आज्जी," ती म्हणाली, "आतून मला कुणीतरी धरलंय."

नितीननं मान खाली घातली. स्वप्नाली भिंतीकडं वळली, आणि तिची पाठ हलू लागली.

शालनताईंना कळलं. दुसऱ्या कुणाला कळणार होतं? त्यांनी दह्याची वाटी उंबऱ्यावर ठेवली, गुडघे टेकले, आणि बाहीच्या तोंडातून आपली बोटं आत घातली. आत ऊब होती, अंधार होता. अंधारात एक लहानसं बोट होतं, आणि त्या बोटाला विळखा घालून बसलेला तो झोळ, तो पांढरा धागा. मागं बोट ठेवून, मापून, मायेनं सोडलेला. त्यांनी ते बोट धरलं.

धरलं, आणि त्यांना ते सोडवेना. देवाशपथ, सोडवेना! कुणाला काय दिसत होतं? बाहीच्या आतलं कोण बघत होतं? असंच धरून बसावं. धुकं उतू दे, ऊन चढू दे, गाडी उभीच्या उभी राहू दे. आपण कुठं अडवतोय? धाग्यानं अडवलंय! एवढंसं बोट, त्याच्या टोकाशी टिकटिक चाललेली एवढीशी नाडी, आणि सारा जन्म त्या टिकटिकीवर कान लावून बसलेला.

"आज्जी, दुखतंय."

शालनताईंनी डोळे मिटले.

"ओढू नगंस, बाळा," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "ओढलं की आवळतंय. बोट सैल कर. हां. अस्सं सैल."

मग त्यांनी नखानं तो झोळ हळूच उचलला, आणि स्वतःच्या हातानं ते बोट त्यातून सोडवलं.

हात बाहेर आला. गुलाबी, उबदार, पाची बोटं पसरलेला.

"सुटलं!" जुई आनंदानं किंचाळली. "आज्जी, सुटलं!"

"व्हय गं बाई," शालनताई म्हणाल्या. "सुटलं."

त्या तळहातावर त्यांनी दही घातलं. जुईनं ते चाटलं, ओठांवर पांढरी रेघ उमटली. "आता काय म्हणायचं?" "येते!" स्वप्नाली पायाशी वाकली ती उठेचना, तिला शालनताईंनीच दंडाला धरून उठवलं, गाडीपर्यंत नेलं, आत बसवलं, दार लावलं. ते दारही त्यांनाच लावायचं होतं.

गाडी वळली. खिडकीतून एक लाल बाही बाहेर आली आणि हलत राहिली. सिल्व्हर ओकच्या खोडांमधून दिसली, लपली, दिसली, लपली, आणि घाटाच्या तोंडाशी धुक्यानं तिला अलगद आत घेतलं. धुकं शुभ्र, धुकं संथ, धुकं निःशब्द.

ऊन आलं. टेबललँडवर आलं, कौलांवर आलं, अंगणात आलं, उंबऱ्यावरच्या दह्याच्या वाटीत आलं, आणि सगळ्यांत शेवटी शालनताईंच्या पाठीवर आलं. त्यांचा डावा हात छातीशी होता. त्याची तर्जनी वर उचललेली. विणताना पांढरा धागा जिच्यावरून जातो ती, तशीच, थोडी वाकवून, थोडी सैल. धागा नव्हता. बोट तेवढं वर राहिलं होतं.